साडेसहा डिजिटचा बेंच मल्टिमीटर: काही महिने रोज वापरल्यावर

साडेसहा डिजिटचा, म्हणजे सहा पूर्ण आकडे आणि त्यांच्या आधी एक अर्धवट (बहुधा फक्त ० किंवा १) दाखवणारा, टेबलावरचा मीटर नवा घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: काहीच जोडलेलं नाही, तरी स्क्रीनवर आकडे नाचतायत. माझ्याकडचाही तसाच. बटण दाबलं की आत रिले टकटकतात, सेल्फ-टेस्ट 'पास' म्हणते, आणि लगेच डीसी व्होल्टवर कुठून तरी आलेला एक आकडा झळकतो. काही महिन्यांच्या वापरानंतर सांगतो, यातल्या बऱ्याचशा विचित्र रीडिंगना चोख कारणं आहेत आणि त्यासाठी मीटर परत करायची गरज नाही. जे खरोखर खटकलं ते पुढे येईलच.

आधी मोकळ्या लीडचं बघू. चालू झाल्यावर इनपुट इम्पिडन्स (मीटरच्या दोन टर्मिनलमधला त्याचा स्वतःचा रोध) १० मेगाओहमवर असतो, त्यामुळे आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो. सेटिंगमध्ये जाऊन तो १० गिगाओहमच्या वर नेला की मजा सुरू. आतल्या अँप्लिफायरचा बायस करंट (इनपुटमधून सतत झिरपणारा प्रवाह) असतो जेमतेम काही पिकोअँपिअर, पण त्याला वाहून जायला वाटच उरत नाही. तो लीडची आणि इनपुटची कपॅसिटन्स चार्ज करत बसतो. ३० पिकोअँपिअर आणि १५० पिकोफॅरड धरा, सेकंदाला ०.२ व्होल्ट झाले. आकडा निवांत चढत जातो. ऑटोरेंज (मीटरने स्वतःच रेंज निवडणं) चालू असेल तर १० व्होल्टची रेंज ओलांडल्यावर मीटर १०० व्होल्टच्या रेंजवर उडी मारतो. त्या रेंजला इम्पिडन्स कायम १० मेगाओहमच असतो, त्यामुळे साचलेला चार्ज क्षणात निघून जातो, मीटर पुन्हा खाली येतो आणि चढण पुन्हा सुरू. खोलीत कोणी नसताना मिनिटा-मिनिटाने रिले वाजताना ऐकू आले तर घाबरू नका. रेंज हाताने लावून ठेवली की आवाज थांबतो.

मीटर खरंच ठीक आहे का हे बघायचं असेल तर मोकळ्या लीडकडे बघूच नये. दोन्ही टर्मिनल शॉर्ट करावीत, तीसुद्धा लीडची टोकं एकमेकांना टेकवून नव्हे, तर उघड्या तांब्याच्या जाड तारेने थेट. १०० मिलिव्होल्टच्या रेंजवर थंड मीटर तेव्हाही काही मायक्रोव्होल्ट दाखवतो आणि तापेल तसा हळूहळू शून्याकडे सरकतो. हा थर्मल ईएमएफचा, म्हणजे धातूंच्या जोडांवर तापमानातल्या फरकामुळे तयार होणाऱ्या व्होल्टेजचा खेळ. तांब्याला तांबं भिडलं तर अंशाला ०.३ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी, तांबं आणि सोल्डर असेल तर १ ते ३, आणि निकेलचा मुलामा दिलेल्या स्वस्त बनाना प्लगला त्याच्याही कैक पट. प्लग नुसता दोन बोटांत धरून ठेवा, शेवटचे डिजिट चालायला लागतात. ऑटोझिरो चालू असतानाही असं का, असा प्रश्न पडतो. ऑटोझिरो इनपुट आतल्या आत तोडून शून्य मोजतो. टर्मिनलच्या बाहेर तयार झालेला व्होल्टेज त्याला दिसतच नाही. तो काढायला नल (आत्ताचं रीडिंग पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करणारं बटण) वापरायचा, पण सगळं एका तापमानाला आल्यावरच. गरम प्लगवर नल दाबलात तर प्लग गार होताना चूक उलट्या बाजूने उगवते.

वॉर्म-अपबद्दल थोडं. आतला रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून मीटर मोजतो तो स्थिर व्होल्टेज) एलएम३९९ या चिपचा आहे, साधारण ६.९५ व्होल्टचा. त्याच्या चिपवरच हीटर असतो, तो तिला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि काही सेकंदांत तयार होतो. म्हणून पाच मिनिटं पुरे, असं वाटू शकतं. पण भोवतीचे रेझिस्टर आणि एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारं सर्किट) पेटीच्या हवेबरोबर तापतात, त्यांना घाई नसते. मॅन्युअलमधला एक तास अगदी योग्य आहे. १० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा डिजिट १० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे दहा लाखांत एक भाग; थंड मीटरवर त्याला काही अर्थ नाही. बॅटरी किंवा ५ व्होल्टची रेल बघायची असेल तर मात्र चालू करा आणि लगेच मोजा.

एसीवर इनपुट शॉर्ट करूनही शून्य येत नाही. ट्रू आरएमएस मीटर (कुठल्याही आकाराच्या एसीची खरी परिणामी किंमत काढणारा) आतला नॉइजही इमानदारीने मोजतो. इथे नल वापरायचा मोह टाळा, कारण आरएमएस आकड्यांची साधी बेरीज-वजाबाकी होत नाही, त्यांचे वर्ग मिळवावे लागतात. शॉर्टवर ०.३ मिलिव्होल्ट दिसतात आणि सिग्नल १० मिलिव्होल्टचा आहे, तर रीडिंग येईल १०.००४५. त्यातून ०.३ वजा केलेत तर जवळजवळ बरोबर असलेल्या आकड्यात तुम्ही स्वतःच तीन टक्क्यांची चूक घातलीत. रेंजच्या तळाशी एसी मोजूच नये हे उत्तम.

ओहमवर दोन तारांनी लहान किमती मोजू नका, लीडचाच ०.१-०.२ ओहम त्यात येतो. चार तारा लावा (दोन करंट द्यायला, दोन व्होल्टेज मोजायला), विषय संपला.

आता खरोखर खटकलेलं. मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, फ्रिक्वेन्सी मीटरमध्ये फॅक्टरीतून ६० हर्ट्झवर लावलेली होती. ५० हर्ट्झच्या मेन्सवर इंटिग्रेशन (एका रीडिंगसाठी सरासरी घेण्याचा काळ) २० मिलिसेकंदांच्या पटीत हवं, नाहीतर मेन्सचा हम पूर्ण कटत नाही आणि छोट्या रेंजवर शेवटचे डिजिट विनाकारण थरथरतात. मेन्यूत बदलता येतं, पण फॅक्टरी रीसेट केलं की पुन्हा ६०. शिवाय बंद करून चालू केलं की इम्पिडन्स, इंटिग्रेशन टाइम, रेंज सगळं मूळपदावर. मेमरी स्लॉट आहेत, पण चालू होताना अमुक स्लॉट उचल असं सांगायची सोय नाही, आणि या किमतीच्या उपकरणात ही हयगय मला मान्य नाही. पंखाही अंमळ मोठ्याने घुमतो.

सर्वात वाईट म्हणजे पुढचं बटण. स्टँडबाय लिहिलेलं असलं तरी ते रेफरन्सचा हीटरही बंद करतं, म्हणजे जेवायला जाताना बटण दाबलं की परत तासभर थांबा. मी कामाच्या दिवशी ते दाबतच नाही, फक्त डिस्प्ले मंद करतो. मापन म्हणून मीटर पक्का आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. फक्त रोज दहा-पंधरा मिनिटांचंच काम असणाऱ्याने चांगला हँडहेल्ड घ्यावा, कारण याचे शेवटचे दोन डिजिट त्याला कधी वापरताच येणार नाहीत.