‘पॅक माल’ म्हणून क्राउन-पिनियन घेतलं आणि 1,13,890 रुपयांना बसलो

आकडा लिहिताना लाज वाटते, कारण मी या धंद्यात नवखा नाही. लष्कराच्या लिलावातला शक्तिमान ट्रक 14 वर्षं चालवतोय. चंदगडच्या पावसात रानातून ओंडके काढायला दुसरी गाडी टिकत नाही. पण जबलपूरला ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला, स्पेअर म्हणजे नशिबाचा खेळ. विकणाऱ्यानं माझी नड बरोबर हेरली.

पुढच्या एक्सलचं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी गिअरची जोडी, हवं होतं. ‘डेपोचा पॅक माल, शेवटचा सेट.’ व्हिडिओ कॉलवर लाकडी पेटी, त्यावर पांढऱ्या रंगात छापलेला नंबर, आत ग्रीसचा कागद, सगळं दाखवलं. 15,000 लगेच पाठवले, पार्सल निघाल्यावर 31,500. ट्रान्स्पोर्टचे 1,240 वेगळे. बिल मागितलं तर म्हणे, लिलावाच्या मालाला बिल नसतं. साफ खोटं. लिलावात माल उचलणाऱ्याकडे पैसे भरल्याचा कागद असतोच, तो आधी मागा.

पेटी उघडली तर दातांवरसुद्धा हिरवा रंग. दातांना रंग कोण देतं? जुना, घासलेला माल लपवणाराच. क्राउन आणि पिनियन जोडीनं बसवलेले असतात, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. इथं क्राउनवर नंबर होता, पिनियनवर त्या जागी ग्राइंडर फिरवल्याची चकाकी. मी ती बोटानं चाचपली. आमचे फिटर मामा म्हणाले, “मालक, जुन्याचे दात मोजून बघूया का?” आणि मी, शहाणा, म्हणालो, “कशाला मामा, डेपोचा माल आहे.” दोन मिनिटांचं काम होतं. रात्री झोपेत हेच वाक्य ऐकू येतं. पण भाडं तटलं होतं, रोज चार फोन येत होते. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

पिनियनला एक दात जास्त होता. म्हणजे पुढचा एक्सल एका रेशोचा, मागचा दुसऱ्या; पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू बघणार. चिखलात चाकं घसरून हा फरक निघून जातो, म्हणून आठ दिवस कळलंच नाही. नवव्या दिवशी घाटातल्या काँक्रीटवर, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) लागलेला असताना, ट्रान्स्फर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गिअरचा डबा, फुटली. 58,000. मामांची मजुरी 6,000, गिअर ऑइल 2,150.

विकणाऱ्याचा फोन बंद. मग फेऱ्या. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला तर ‘इतके दिवस काय करत होता?’ (पैसे गेल्या गेल्या फोन करा, तासाभरात.) पोलिस ठाण्यात साहेब म्हणाले, “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब.” तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. पोच मिळाल्याशिवाय उठू नका, मी उठलो. ग्राहक आयोगाचं (पूर्वीचा ग्राहक मंच) विचारलं तर एका कारकुनानं ‘गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणून वाटेला लावलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या मालाला त्याच कायद्यात सूट आहे, हे मला नंतर वकिलाकडून कळलं. कारकुनाला कोण विचारणार? आणि निघताना हवालदारानं हळूच विचारलं, “शक्तिमान विकायचाय का?”

सध्या पुढचा शाफ्ट काढून गाडी नुसत्या मागच्या चाकांवर पळवतोय. रानातली भाडी दुसरा नेतो.