संभाजीनगरला श्रावणात यायचं की थंडीत?

दरवर्षी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा हाच फोन येतो, दोनच दिवस सुट्टी आहे, कधी येऊ? नुसतं "कधीपण या" म्हटलं की लोक मे महिन्यात येतात आणि ४२ डिग्रीत बीबी का मकबऱ्याच्या फरशीवर पाय भाजून घेतात. उन्हाळा तर सोडूनच द्या. खरा प्रश्न पावसाळा की हिवाळा एवढाच आहे.

पावसाळ्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेरूळ. शहरापासून ३० किलोमीटर, तासाभरात पोचता. एरवी काळाकरडा दिसणारा तो अख्खा डोंगर जुलै-ऑगस्टमध्ये हिरवागार होतो आणि २९ नंबरच्या लेण्याजवळ, सीतेच्या नहाणीपाशी, वरून धबधबा कोसळतो. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, आधी कळस मग पाया, हे सगळ्यांना माहीत असतं, पण भिजलेल्या दगडावर त्या हत्तींचा रंग कसा गडद होतो ते पावसातच बघावं. त्याच रस्त्याला थोडं आडवळणाने म्हैसमाळ आहे, धुकं आणि गरम भजी, पोरं खूश. फक्त श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी प्रचंड असते, आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला लोक आदल्या रात्रीच शहरातून पायी निघतात त्यामुळे खुलताबादचा रस्ता माणसांनी भरलेला असतो. दर्शनच घ्यायचं असेल तर तो माहोल अनुभवाच, नसेल तर बुधवार-गुरुवार धरा. मंगळवारी वेरूळ बंद, हे विसरून आलेले पाहुणे मी स्वतः गेटवरून परत आणलेत.

पावसाळ्यात जमत नाही ते म्हणजे देवगिरी किल्ला. अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्याच्या भुयारी वाटेतल्या, पायऱ्या ओल्या, आत वटवाघळं, वर चढताना पाय सरकतो. दोन वर्षांपूर्वी मावशीला जुलैत घेऊन गेलो, चांदमिनार आणि मेंढा तोफ बघितली, पण पुढं काही गेलो नाही, खंदकावरूनच माघारी फिरलो. तीच मावशी जानेवारीत आली तेव्हा थांबत थांबत बारादरीपर्यंत चढली आणि वर बसून अर्धा तास काही बोललीच नाही.

अजिंठ्याचं म्हणाल तर ते दोन्हीकडे बसतं. पावसात वाघोरा नदी भरून वाहते, घोड्याच्या नालासारखा डोंगर आणि सातकुंडाचं पाणी, समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून डोळे निवतात. पण चित्रं बघायला आला असाल तर थंडीत या, कारण आत आधीच उजेड कमी, त्यात आभाळ भरलं की १ नंबरच्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र नीट दिसतच नाही, आणि फ्लॅश चालत नाही. १०० किलोमीटर आहे, पूर्ण दिवस लागतो, फर्दापूरला गाडी लावून पुढं तिथल्या बसने जायचं. आणि हे सोमवारी बंद.

थंडीचा खरा मुद्दा मात्र हुरडा. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेर कुठल्याही शेतात आगटी पेटलेली दिसते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीसोबत, मधेच गूळ, मधेच दही. हॉटेलवाल्यांच्या हुरडा पार्ट्या पण असतात, झोके, बैलगाडी वगैरे, लहान पोरं असतील तर ते ठीक, पण कुणी ओळखीचं शेतावर बोलवत असेल तर दुसरा विचार करू नका. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा मिळाला तर बघायलाच नको. पहाटे उठायची तयारी असेल तर पैठणला नाथसागरावर जा, ५० किलोमीटर, थंडीत तिथं बाहेरून आलेले पक्षी असतात, नशीब चांगलं असेल तर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवाच्या थवा पाण्यावर. नंतर नाथांच्या समाधीचं दर्शन, दुपारी परत येऊन नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा.

थंडीत एकच तोटा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळांच्या सहली आणि सुट्टीवाले एकदम येतात, कैलासात उभं राहायला जागा नसते. १० जानेवारीच्या पुढं या.

माझं म्हणाल तर सोबत आई-वडील असतील, किंवा आयुष्यात एकदाच यायचं असेल, तर जानेवारी. याआधी येऊन गेला असाल आणि तेव्हा वेरूळ कोरडं बघितलं असेल, तर ऑगस्टमधला एक बुधवार काढा, छत्री नको रेनकोट घ्या, आणि सकाळी लेणी उघडताच आत शिरा.