भेटीच्या स्लिंगसाठी चामडं: क्रोम की बाभळीत कमावलेलं?

नेमबाजी करणाऱ्या घरच्या मुलाला हाताने शिवलेली स्लिंग, म्हणजे रायफल दंडाला बांधून धरायचा पट्टा, द्यायची मनात आलं, की गाडी चामड्यापाशी अडते. शिलाई, बक्कल, माप हे सगळं जमतं. गेल्या चार वर्षांत मी सहा स्लिंग केल्या, सगळ्या भेट म्हणून. पहिल्या दोन क्रोम लेदरच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेल्या चामड्याच्या, पुढच्या चार बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या म्हशीच्या चामड्याच्या. मी बोलतोय ते प्रोन (पालथं झोपून) आणि नीलिंग (गुडघा टेकून) नेमबाजीतल्या दंडावरच्या स्लिंगबद्दल. शिकारी बंदुकीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

कोल्हापूरकडे हा विषय घरचाच आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला प्रोनमध्येच विश्वविजेतेपद मिळवलं आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघा टेकून, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. माझी भाची प्रोन मारते. पहिली स्लिंग तिच्यासाठीच होती.

क्रोम घ्यायचं ठरवलं तर धारावीत हवा तो रंग, हवी ती जाडी एका फेरीत मिळते. हातात घेतलं की मऊ, पृष्ठभाग एकसारखा, वळवाल तसं वळतं. पावसाळ्यात त्याची फारशी काळजी करावी लागत नाही. भिजलं तरी वाळल्यावर कडक होत नाही. भेट उघडल्या क्षणी जे कौतुक होतं, त्यात क्रोमचा हात कुणी धरणार नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

बाभळीचं चामडं शोधावं लागतं. चप्पल करणाऱ्या कारागिरांकडे विचारलं तर तळाचं जाड कातडं मिळतं, पण रंग एकच, बदामी, आणि दोन तुकडे सारखे निघत नाहीत. रापी (चामडं कापायची सुरी) चांगली धारेची नसेल तर कापताना मनगट भरून येतं. पहिले काही दिवस स्लिंग ताठ राहते. वासही येतो, मला तो आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही. घेताना कापलेली कड नीट बघा. क्रोमच्या गाभ्यात बहुधा निळसर करडी रेघ दिसते, बाभळीचं आरपार तपकिरी असतं. आणि तुकडा कोणताही असो, पाठीच्या कण्यालगतचाच मागा. पोटाकडचं कातडं हमखास ताणतं.

आता खरी गोष्ट. भाचीला क्रोमची स्लिंग दिवाळीत दिली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "मामा, परत एक भोक पुढं घेतलं." मी रेंजवर जाऊन बघितलं. मी गोल पाडलेलं भोक गव्हाच्या दाण्यासारखं लांबट झालं होतं आणि पट्टा बक्कलपाशी अरुंद दिसत होता. प्रोनमध्ये रायफलचा भार स्नायूंनी पेलायचा नसतो, स्लिंगने पेलायचा असतो. पट्टा दोन-तीन मिलिमीटर सैल पडला की कोपराचा कोन उघडतो, नळी खाली येते, आणि मुलगी नकळत हाताने ती वर धरून ठेवते. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. साठ गोळ्यांच्या सामन्यात चाळिसाव्या गोळीला तिला उठून पट्टा आवळावा लागायचा, आणि त्यानंतरच्या चार-पाच गोळ्या पवित्रा पुन्हा बसवण्यात जायच्या. भेट दिलेली वस्तू तिचे गुण खातेय, हे मला सहन झालं नाही.

माझा तुकडाच कदाचित वाईट असेल, म्हणून दुसरी स्लिंग क्रोमच्याच पाठीच्या भागातून कापली आणि आत नायलॉनची पट्टी घालून शिवली. ताण बराच कमी झाला. पण पट्टा जाड झाला, हँडस्टॉपच्या (रायफलखाली पुढचा हात टेकतो तो ठोकळा) कडीत अडकू लागला, आणि कडा काही केल्या घोटून बसेनात, कापडासारख्या फुलल्या. बाभळीच्या चामड्याची कड थोडं पाणी लावून लाकडाने घासली की काचेसारखी बंद होते.

एक शंका रास्त आहे: दंडाला मऊ नको का? मलाही तसंच वाटायचं. पण स्लिंग जाड शूटिंग जॅकेटच्या वरून बांधतात, तिथे मऊपणा दुकानात जाणवतो तितका जाणवत नाही. दंडातल्या रक्तवाहिनीवर कड दाबली गेली की नाडीचे ठोके पुढच्या साईटपर्यंत जातात, ते मात्र खरं. म्हणून मी दंडाची पट्टी रुंद ठेवतो आणि तिला आतून क्रोमचं पातळ अस्तर लावतो. तेवढी जागा क्रोमची. ताण घेणारा पट्टा बाभळीचाच.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमात स्लिंगच्या रुंदीची मर्यादा ४० मिलिमीटर आहे. मी ३५ कापतो. तपासणीला हुज्जत नको.

बाभळीच्या चामड्याला दोन पथ्यं सांभाळा. लोखंडी बक्कल लावू नका. घाम लागला की लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन मिळून काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पोथ्यांची शाई करायचे, तीच क्रिया इथे नको त्या ठिकाणी होते. स्टेनलेस स्टील किंवा पितळ घ्या, फक्त पितळेवर हिरवट थर येतो तो अधूनमधून पुसावा लागेल. दुसरं, तेल बोटभरच. तेलात मुरवलेलं चामडं मऊ होतं आणि तेही ताणू लागतं, शिवाय आपल्याकडच्या आषाढात त्यावर बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती पिशवी शिवूनच द्या.

मुलगा नुकताच शिकायला लागला असेल, वर्षभरात मापं बदलणार असतील, तर क्रोमची साधी स्लिंग चालून जाईल, तिला नावं ठेवायचं कारण नाही. सामने खेळणाऱ्यासाठी मी पुन्हा क्रोम कापणार नाही. आणखी एक, जे भेटीपुरतं महत्त्वाचं आहे: बाभळीचं चामडं ठसा धरतं. प्रत्येक भोकाशेजारी मी आकडा उठवतो आणि टोकाला नावाचं आद्याक्षर. क्रोमवर तोच ठसा चार दिवसांत विरतो.

भाचीच्या बाभळीच्या स्लिंगला आठ महिने झाले. पहिल्या महिन्यात एकदा सहावरून सातव्या भोकावर गेली, अजून सातव्यावरच आहे.