घासलेला अलॉय: डागडुजी की पावडर कोटिंग?

फुटपाथच्या कडेला अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक घासलं की रिमच्या काठावर खरखरीत चरा उमटतो, नखाला लागतो. नुकसान एवढंच असेल तर मी जागेवरची डागडुजीच निवडेन. आधी 240, मग 400, शेवटी 800 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून. खोल खड्ड्यात पुट्टी. वर प्रायमर, रंग आणि शेवटी लॅकर, म्हणजे पारदर्शक थर. टायरही उतरवावा लागत नाही. रंग मात्र तंतोतंत जुळेलच असं नाही, उन्हात फरक दिसतो.

पण लॅकरखाली पांढऱ्या, किड्यासारख्या रेषा पसरल्या असतील, तर डागडुजी म्हणजे वरवरची मलमपट्टी. ओल आत शिरलेली असते, शेजारचं लॅकर पुढे सोलतच जातं. तिथे पावडर कोटिंगच हवं. जुना रंग पूर्ण उतरवून, रंगाची कोरडी पावडर मारून, रिम साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. थर कडक आणि एकसारखा बसतो. खर्च आणि वेळ जास्त, शिवाय टायर काढणं, बसवणं, बॅलन्सिंग आलंच.

डायमंड कट, म्हणजे दर्शनी बाजू तासून चकचकीत केलेली रिम खराब झाली, तर ती पुन्हा लेथवर तासतात. दरवेळी धातू कमी होतो, म्हणून हे मोजक्याच वेळा करता येतं.

रिमला चीर गेली असेल तर डागडुजी आणि पावडर कोटिंग, दोन्ही नकोत. रंगाखाली ती फक्त झाकली जाते.