आर्ट फेअर, गॅलरीतले प्रदर्शन की पुरस्कारांचे प्रदर्शन: पहिले चित्र घेण्यापूर्वी

समकालीन चित्रकला नीट पाहावी आणि जमल्यास एखादे चित्र विकत घ्यावे अशी मनापासून इच्छा आहे, पण त्यासाठी वर्षातून एखाद-दुसराच प्रवास शक्य आहे, अशा माणसाने नेमके कुठे जावे, असे पुण्या-नाशिकचे परिचित मला बरेचदा विचारतात. त्यांच्यासमोर साधारण तीन पर्याय असतात: आर्ट फेअर (अनेक गॅलऱ्या एकाच ठिकाणी आपापले बूथ, म्हणजे तात्पुरते गाळे, मांडतात तो चित्रांचा मेळा), एखाद्या गॅलरीने भरवलेले एकल (एकाच चित्रकाराचे) प्रदर्शन आणि कलासंस्थांचे पुरस्कारांचे वार्षिक प्रदर्शन. या तिन्ही ठिकाणी मी अनेक वर्षे हिंडलो आहे, आणि घरातली मोजकी चित्रेही त्यांतूनच आलेली आहेत. प्रत्येकाची गरज वेगळी असते हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

फेअरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ मध्ये ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने प्रगती मैदानावर सुरू झाला. आता तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओखल्याच्या एनएसआयसी मैदानावर भरतो. मुंबईत नोव्हेंबर २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरू लागला आणि पहिल्याच वर्षी तिथे ५०हून अधिक गॅलऱ्या आल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत एकत्र आलेल्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांचे कॅनव्हास आणि नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कलावंताचे मांडणीशिल्प एकाच दिवशी पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय तिथे किंमत विचारायला संकोच वाटत नाही, कारण आजूबाजूचे सगळेच विचारत असतात. आपल्याला काय आवडते हेच ज्याला अजून ठरवता आलेले नाही, त्याला एका दिवसात इतका पट दुसरीकडे कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

तरीही फेअरच्या बाबतीत एक गोष्ट मला इतकी खटकत आली आहे की माझा निर्णय शेवटी तिच्यावरच ठरला: तिथे चित्रापासून मागे सरता येत नाही. बूथला तीन भिंती असतात आणि चौथी बाजू बूथांच्या रांगांमधल्या रस्त्यावर उघडते. मोठ्या चित्रासमोर उभे राहून आपण चार पावले मागे गेलो की त्या रस्त्यावर येतो, तिथून माणसांची रीघ चालू असते, आणि आणखी चार पावले गेलो तर समोरच्या बूथमधल्या कुणाच्या तरी शिल्पाला पाठ लागण्याची भीती असते. शेजारच्या बूथमधल्या व्हिडिओचा आवाज आणि त्यांच्या दिव्यांचा उजेड आपल्या चित्रावर पडत असतो, तो वेगळाच. गिरणगावातल्या पाडकामाचे एक भले मोठे चित्र मी अशाच एका बूथमध्ये पाहिले होते. तेव्हा त्याचा खालचा अर्धा भाग मला केवळ तपकिरी रंगाचा थर वाटला आणि मी पुढे गेलो. काही महिन्यांनी तेच चित्र फोर्टमधल्या एका गॅलरीत, रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर होते. दारातून आत येतानाच त्या तपकिरी थरात एक तुटका जिना दिसला, आणि सगळे चित्र त्या जिन्यावर उभे आहे हे लक्षात आले. चित्रकाराने ते अंतर गृहीत धरूनच काम केले होते. पाहणाऱ्याला ते अंतर मिळत नसेल तर त्याने नेमके काय पाहिले, हा प्रश्न माझ्या मनातून तेव्हापासून गेलेला नाही.

दुसरी अडचण याच्याच जवळची आहे. बूथचे भाडे मोठे असल्यामुळे गॅलरीला तिथे आपल्या अनेक चित्रकारांना थोडी थोडी जागा द्यावी लागते, आणि एकेका चित्रकाराची एक-दोन कामेच लागतात. गीव्ह पटेल यांनी विहिरीत डोकावण्याचा विषय अनेक वर्षे पुन्हापुन्हा रंगवला. पाणी, आकाशाचे प्रतिबिंब आणि काठावरची झाडी यांचे नाते प्रत्येक चित्रात बदलते. त्यातले एकच चित्र पाहणाऱ्याला विहीर दिसेल, पण हा माणूस तिच्यापाशी परत परत का जातो हे एका चित्रावरून कळणार नाही. ते कळण्यासाठी ती चित्रे एकाशेजारी एक लावलेली हवीत, आणि ते काम एकल प्रदर्शनच करू शकते.

गॅलरीतले प्रदर्शन मला म्हणूनच जवळचे वाटते. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. चित्रकार अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ मध्ये तिथेच झाले. २००७ मध्ये ही गॅलरी फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये प्रशस्त जागेत गेली. कुलाबा आणि फोर्टमध्ये आता अशा गॅलऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कोलकात्याची एक्सपेरिमेंटर आणि दिल्लीची नेचर मोर्ट यांनीही कुलाब्यात जागा घेतल्या आहेत, त्यामुळे बाहेरच्या शहरांतली कामे पाहायला फेअरच हवा, ही बाजू पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. प्रदर्शन साधारण महिना-दीड महिना चालते, त्यामुळे आज पाहिलेले चित्र पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून निर्णय घेता येतो. माझ्याकडचे कागदावरचे एक लहान काम मी अशाच दुसऱ्या भेटीत घेतले. पहिल्या भेटीत ज्या चित्रावर माझे मन बसले होते, ते दुसऱ्या वेळी मला तितकेसे भिडले नाही.

जुन्या इमारतींचे जिने, बंद दार, घंटा आणि आतली शांतता यांमुळे पहिल्यांदा जाणारा बिचकतो, हे खरे आहे. आत गेल्यावर किंमतपत्रक मागण्यात गैर काहीच नसते, आणि भिंतीवर नसलेली कागदावरची कामे किंवा मुद्राचित्रे (ठशावरून छापलेली चित्रे) दाखवा असे म्हटले तर बहुतेक ठिकाणी कप्पे उघडून दाखवतात. मोठी गैरसोय अशी की बहुतेक गॅलऱ्या रविवारी बंद असतात, आणि बाहेरगावच्या माणसाला तर नेमका रविवारच मोकळा असतो. त्यावर उपाय म्हणजे जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड. २०१२ पासून चालत आलेल्या या उपक्रमात गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शने लावतात आणि रविवारीही उघड्या राहतात.

पुरस्कारांच्या प्रदर्शनांविषयी मला आदर आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे. अमृता शेरगिल यांना त्यांच्या तीन तरुणींच्या चित्रासाठी १९३७ मध्ये आणि चित्रकार सय्यद हैदर रझा यांना १९४८ मध्ये तिथेच सुवर्णपदक मिळाले. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या ज्या चित्रकारांची नावे कुठल्याच गॅलरीच्या यादीत नसतात, त्यांची कामे या वार्षिक प्रदर्शनांत दिसतात आणि त्यांच्या किमतीही पुष्कळदा आवाक्यातल्या असतात. मात्र भिंती गच्च भरलेल्या असतात, आणि चित्राशेजारी पारितोषिकाची चिठ्ठी लावलेली असली की नजर आधी तिच्यावर जाते. मग आपण चित्र पाहण्याऐवजी परीक्षकांचा निकाल बरोबर होता की नाही ते ठरवू लागतो. समकालीन कलेतल्या काही मोठ्या पुरस्कारांनी तर निवडीसाठी सबंध प्रदर्शनाचाच आधार घेतला आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना १९९१ मध्ये मिळालेला ब्रिटनमधला टर्नर पुरस्कार आदल्या वर्षीच्या प्रदर्शनाचा विचार करून दिला जातो, आणि २०१० साली मिठू सेन यांना पहिल्यांदा मिळालेला, पुढे काही वर्षांतच बंद पडलेला आपल्याकडचा स्कोडा पुरस्कारही एकल प्रदर्शनासाठीच होता. परीक्षकांनासुद्धा एका चित्रावर विसंबावेसे वाटले नाही, याला माझ्या मते महत्त्व आहे.

नागपूर किंवा लातूरहून येणाऱ्याला वर्षातून एकच दिवस मिळत असेल आणि अजून कुठल्याच चित्रकाराचे नाव मनात नसेल, तर त्याने फेअरला जावे. फक्त गर्दीच्या शनिवार-रविवारऐवजी आधीच्या दिवशी सकाळी जावे, आवडलेल्या चित्रकारांची आणि त्यांच्या गॅलऱ्यांची नावे टिपून घ्यावीत, आणि त्या दिवशी काही विकत घेऊ नये. ज्याचे बजेट अगदी मर्यादित आहे त्याने पुरस्कारांच्या प्रदर्शनाबरोबर जहांगीरमधली आठवड्याची प्रदर्शनेही पाहावीत. तिथे दालन भाड्याने घेऊन चित्रकार स्वतःच प्रदर्शन भरवतो आणि बहुतेक वेळा स्वतः हजर असतो, त्यामुळे बोलणे थेट त्याच्याशी होते. दोन दिवस काढता येत असतील, तर मात्र मी जानेवारीतल्या त्या गॅलरी वीकेंडचे दोन दिवस कुलाबा-फोर्टसाठी राखून ठेवायला सांगेन. चार-पाचच गॅलऱ्या निवडाव्यात, पहिल्या दिवशी नुसते पाहावे, रात्री जे चित्र आठवत राहील त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, आणि घ्यायचे ठरलेच तर पक्के बिल आणि चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्यावे.