रुग्णालयातील नमुन्यांचा माग ठेवणारी यंत्रणा: वापरानंतरचे परीक्षण

रक्त, लघवी, बायोप्सी अशा सर्व नमुन्यांचा माग ठेवणारी, बारकोडवर आधारलेली संगणकीय यंत्रणा आमच्या रुग्णालयात आता चांगली रुळली आहे. प्रयोगशाळेत ती रोज हाताळताना बनलेले माझे मत असे की, नमुना कुठे आहे हे ती उत्तम सांगते, पण तो कोणाचा आहे हे तिला स्वतःहून कळत नाही. ते तिला एकदाच, रुग्णाच्या खाटेशेजारी, सांगितले जाते आणि तिथे जे सांगितले जाईल तेच ती अहवालापर्यंत इमानाने वाहून नेते.

म्हणून परीक्षणाची सुरुवात खाटेपासूनच करायला हवी. ज्या वॉर्डांत ही यंत्रणा नीट चालते तिथे सिस्टर आधी रुग्णाला त्याचे नाव व जन्मतारीख सांगायला लावते. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे ती विचारत नाही, कारण गुंगीत असलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण अशा प्रश्नाला नुसती मान डोलावतो. मग ती मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करते, हातातल्या उपकरणावर डॉक्टरांनी मागितलेल्या तपासण्या दिसतात, रक्त घेतले जाते आणि ट्रॉलीवरच्या छोट्या प्रिंटरमधून निघालेली तेवढीच लेबले तिथल्या तिथे नळ्यांवर लागतात. रक्त कोणी घेतले आणि किती वाजता घेतले, याची नोंद आपोआप होते. काही वॉर्डांत मात्र प्रिंटर सिस्टरांच्या टेबलावर ठेवलेला असतो आणि सकाळच्या फेरीची सगळी लेबले तिथे एकदम छापली जातात. पडद्यावर दोन्हीकडची नोंद सारखीच हिरवी दिसते, पण दुसऱ्या पद्धतीत एका रुग्णाचे लेबल शेजारच्या रुग्णाच्या नळीवर जाण्याची वाट मोकळी राहते आणि पुढे कितीही वेळा स्कॅन केले तरी ती चूक उघडकीला येत नाही. रक्तगटाच्या नमुन्यात अशी अदलाबदल जिवावर बेतू शकते, म्हणूनच अनेक रक्तपेढ्या नव्या रुग्णाचा रक्तगट पक्का करण्यासाठी वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना मागतात. इतर तपासण्यांत आधीच्या निकालांशी तुलना करण्याची सोय उपयोगी पडते. लाल पेशींचे सरासरी आकारमान दोन-चार दिवसांत सहसा फारसे बदलत नाही, त्यामुळे रक्त चढवलेले नसतानाही त्यात मोठी तफावत दिसली, तर नळी त्याच रुग्णाची आहे का, हे आधी तपासावे. आमच्या यंत्रणेत हा इशारा आहे आणि तो मोलाचा आहे.

एक पळवाट मात्र तिने बंद केलेली नाही. झोपलेल्या रुग्णाचा हात पांघरुणाबाहेर काढण्याऐवजी फाइलला चिकटवलेल्या जादा पट्टीवरच स्कॅनर धरला जातो. मनगटपट्टीच्या बारकोडात इतर कोणत्याही लेबलावर नसणारे वेगळे चिन्ह असेल आणि पट्टी पुन्हा छापताना कारण नोंदवणे सक्तीचे असेल, तर याला बराच आळा बसतो. पुरवठादाराकडे या सोयीचा आग्रह धरलाच पाहिजे.

लेबल ही क्षुल्लक बाब वाटते, पण प्रयोगशाळेतला सर्वाधिक त्रास तिथेच होतो. बारकोडाची ओळ नळीच्या लांबीच्या दिशेने सरळ हवी. लेबल आडवे गुंडाळले तर काही रेघा गोलाईआड जातात आणि ॲनालायझर, म्हणजे तपासणी करणारे स्वयंचलित यंत्र, नळी नाकारतो. रेघांच्या दोन्ही टोकांची कोरी जागा झाकली गेली तरी हेच होते. मग तंत्रज्ञ नवे लेबल छापून जुन्यावर चिकटवतो आणि वॉर्डात लिहिलेले मूळ नाव पडताळण्याची सोय त्याखाली कायमची दडते. अमेरिकेतील क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०११ मध्ये नळीच्या लेबलावर काय व कुठे असावे याचे मानक प्रसिद्ध केले. छपाईचा साचा ठरवताना ते समोर ठेवले, तर निम्मी कटकट वाचेल असे मला वाटते.

वेळेच्या नोंदीत ही यंत्रणा खरोखर सरस ठरली आहे. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तातील ग्लुकोज नेहमीच्या तापमानाला ताशी सुमारे ५ ते ७ टक्के घटते, तर नळी फार वेळ तशीच राहिल्यास पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. पूर्वी नमुना घेतल्याची वेळ वॉर्डाच्या वहीत असे आणि आमच्यापर्यंत पोहोचतच नसे. आता उशिरा आलेली नळी पडद्यावर वेगळ्या रंगात दिसते आणि अहवालावर तशी टीप घालता येते. ‘घेतला, पण पोहोचला नाही’ ही यादी तर मी दिवसातून अनेकदा उघडून पाहते. पाठीच्या कण्यातले पाणी किंवा बायोप्सी पुन्हा सहज घेता येत नाही, त्यामुळे असा नमुना वाटेत कुठे अडकला आहे हे वेळीच कळण्याला फार महत्त्व आहे. तक्रार एवढीच की, सुरुवातीला पुरवठादाराने सर्व तपासण्यांना उशिराची एकच मर्यादा लावली होती. धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी अर्ध्या तासात व्हायला हवी, तर पेशीगणनेची नळी कित्येक तास थांबू शकते. एकाच मर्यादेमुळे इशारे इतके येत की कोणी तिकडे पाहीनासे झाले. तपासणीनुसार मर्यादा ठरवून घेतल्यावरच ती यादी विश्वासाची झाली.

ऊतींच्या विभागात कामाचे स्वरूपच निराळे असते, कारण तिथे एका नमुन्याचे अनेक नमुने होतात. बरणीतून ऊतींचे तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे जाळीदार छोट्या डबीत, जातात, कॅसेटचा मेणाचा ब्लॉक होतो आणि ब्लॉकमधून स्लाइड निघतात. बरणीचे लेबल अंगावरच हवे, झाकणावर नको, कारण झाकणे उघडून शेजारी शेजारी ठेवली जातात. कॅसेटवर जागा थोडी असल्याने चौकोनी डेटा मॅट्रिक्स कोड सोयीचा पडतो आणि त्याचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मात्र ऊतींवर प्रक्रिया करताना वापरल्या जाणाऱ्या झायलीन व अल्कोहोल या द्रावकांत टिकणारीच छपाई घ्यावी. साध्या उष्णतेवर छापलेली अक्षरे तिथे उडून जातात. आमच्याकडे सर्वांत मोठा फरक पडला तो मायक्रोटोमशेजारी, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप करणाऱ्या यंत्राशेजारी, ठेवलेल्या प्रिंटरने. समोरचा ब्लॉक स्कॅन केल्यावरच त्याची स्लाइड छापली जाते, त्यामुळे आधीच छापून ठेवलेल्या स्लाइडच्या गठ्ठ्यातून चुकीची उचलण्याचा प्रश्न उरत नाही. स्तनाच्या गाठीतील हार्मोन रिसेप्टरच्या (पेशींवरील संप्रेरक-ग्राहकांच्या) तपासणीसाठी ऊती फॉर्मॅलिन या टिकवून ठेवणाऱ्या द्रवात किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहाव्यात असा संकेत आहे आणि बरणी फॉर्मॅलिनमध्ये केव्हा गेली हे शस्त्रक्रियागृहातच नोंदले गेल्याने तो आता खरोखर पाळता येतो.

रेडिओ लहरींवर चालणाऱ्या टॅगचा पर्यायही आम्हाला दाखवला गेला होता. लांबून वाचता येणाऱ्या टॅगच्या लहरी द्रवात शोषल्या जातात, त्यामुळे दाटीने उभ्या केलेल्या भरलेल्या नळ्यांच्या रॅकमध्ये एखादी नळी वाचायची राहून जाऊ शकते. बरण्या आणि वाहतुकीच्या पेट्यांसाठी तो घ्यायला हरकत नाही, पण रोजच्या नळ्यांसाठी बारकोडच बरा.

खरेदीपूर्वीच्या प्रात्यक्षिकात पुरवठादाराला नेटवर्कची तार काढायला सांगावी. हातातले उपकरण नोंदी स्वतःजवळ साठवते का, जोडणी परत आल्यावर त्या मूळ वेळेसह जातात का आणि तोवर हाताने क्रमांक दिलेल्या नळ्या नंतर योग्य रुग्णाशी कशा जोडल्या जातात, हे समोर करून दाखवल्याशिवाय सही करू नये. आमच्या यंत्रणेत पहिल्या दोन गोष्टी चोख आहेत, पण तिसरीसाठी अजूनही दोघांनी मिळून कागदावरची यादी पडताळावी लागते.