दाराच्या फटी बुजवायच्या की भिंतीला फोम लावायचा?

मुंबईत रस्त्यालगत किंवा रुळांजवळ घर असलं की आधी सुचतो तो भिंतीवर चिकटवायचा काळा फोम. माझं मत स्पष्ट आहे: तो पैसा दारं-खिडक्यांवर घाला. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, आणि फोम पडला हलका, सच्छिद्र. शिवाय पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर त्यामागे बुरशी धरते, आणि साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असताना हे विसरून चालणार नाही.

आवाज हवेच्या वाटेने शिरतो. रात्री घरातले दिवे मालवा, जिन्यातला चालू ठेवा. दाराखालून, चौकटीच्या कडेने जिथे उजेड झिरपेल, तिथूनच कलकलाटही आत येतो. चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली रबराची झालर, सरकत्या खिडकीच्या झिजलेल्या पट्ट्या बदलणं, एवढ्याने फरक जाणवतो. दार पोकळ फ्लशचं असेल तर भरीव बसवा. मात्र गॅस गिझर असलेल्या बाथरूमची जाळी कधीही बुजवू नका.

वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज फोम आणि फटी बुजवणं, दोन्हींनी थांबत नाही. तिथे वरच्यांनाच खुर्च्यांच्या पायांना फेल्ट (जाड, मऊ कापडाचे तुकडे) लावायची विनंती करावी.